जुन्या जीपचें कवच

मुंबईंत एके काळीं जीपगाड्या जुळविल्या जात. त्या जातीच्या जुन्या गाड्या कित्येक हौशी घरीं आजही जपलेल्या दिसतात. कोंकणच्या खाऱ्या हवेंत त्यांचा पत्रा लवकर गंजतो, म्हणून मालमोटारीच्या हौद्यास द्यावयाचा पॉलियुरेथेनचा जाड, खरखरीत लेप घरींच देण्याची कल्पना सुचते. परंतु गंजावर लेप देणें म्हणजे व्रणावर रेशमी वस्त्र पांघरणें होय. आंत कोंडलेला ओलावा पत्रा खातच राहतो. आमचें सांगणें इतकेंच कीं, आधीं तेलकटपणा पुसावा, गंज खरवडावा, उघड्या पत्र्यास प्रायमर द्यावा आणि निचऱ्याचीं छिद्रें मोकळीं ठेवावीं. दोन द्रव्यें मिसळून होणाऱ्या लेपांत आयसोसायनेट असतें. तें फुप्फुसांस अपायकारक असल्यानें योग्य मुखवट्यावांचून कामास हात घालूं नये. लेपास एक दिवस, तर खरवडण्यास दोन दिवस धरावे.