आंबलेला मध आणि काळी पोळी : तोटा कसा टाळावा?

पावसाळा लागला की रायगडच्या किनाऱ्यावर मध विकणाऱ्याची परीक्षा सुरू होते. मे महिन्यात भरलेल्या बरणीत जुलैमध्ये फेस दिसू लागतो, झाकण उघडताना हवा सुटते आणि चव आंबट लागते. गिऱ्हाईक लगेच भेसळीचा आरोप करते. पण भेसळ नसलेला अस्सल मधही आंबतो. त्याचे कारण पाणी.

मधात साखर भरपूर आणि पाणी कमी असते, म्हणून तो टिकतो. पाण्याचे प्रमाण वाढले की मधातच असलेले सूक्ष्म किण्व, म्हणजे यीस्ट, कामाला लागतात. साखरेपासून मद्यार्क आणि वायू तयार होतो. पुढे मद्यार्काचे आम्ल होऊन आंबटपणा येतो. सरकारी अन्न मानकानुसार मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. आपल्या सातेरी माशीच्या मधात ते मुळातच अनेकदा याहून अधिक भरते. त्यात किनाऱ्याची दमट हवा! उघड्या भांड्यातील मध हवेतला ओलावा शोषून घेतो.

घाई नको

माशी मध पिकवते, म्हणजे पंख हलवून त्यातले पाणी उडवते आणि मग घरावर मेणाचे झाकण घालते. चौकटीतील किमान तीन चतुर्थांश घरे बंद झाल्याशिवाय मध काढू नये. काढणी पावसाळ्यापूर्वी, कोरड्या दिवशी उरकावी. पावसाळ्यात फुलोरा कमी असतो, त्यामुळे माशांसाठी पेटीत पुरेसा मध राखून ठेवावा. सगळा मध काढून घेतला तर सातेरी पेटी सोडून निघून जाते.

पोळे कापून हाताने पिळण्याची जुनी रीत दुहेरी तोट्याची आहे. पिळताना पिलांचा रस, परागकण आणि कच्चा मध एकत्र होतो. असा मध लवकर आंबतो. शिवाय पोळेही वाया जाते. एक किलो मेण बनवण्यासाठी माशा सहा ते आठ किलो मध खर्च करतात असे मानले जाते. मधयंत्रात चौकट फिरवून मध काढला तर तेच पोळे परत पेटीत देता येते.

आंबलेल्या मधाचे काय करावे?

प्रथम खात्री करावी. मधाने रवा धरला म्हणजे तो बिघडला असे नाही. मात्र रवा खाली बसून वर पातळ थर राहिला तर त्या थरात पाणी जास्त असते आणि तो आंबू शकतो. आंबण्याची नुसती शंका असेल तर मधाचे भांडे गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मध ६३ अंश सेल्सिअसपर्यंत अर्धा तास तापवावा. किण्व मरतात. थेट जाळावर मध ठेवू नये. एकदा आंबट झालेल्या मधाची चव मात्र तापवूनही परत येत नाही. तो चांगल्या मधात मिसळू नये आणि माशांनाही खाऊ घालू नये, त्यांना हगवण लागते.

इथे प्रश्न केवळ नफ्याचा नाही. येमेनमध्ये मधापासून बनणाऱ्या 'बित्अ' या पेयाबद्दल विचारले असता, नशा आणणारे प्रत्येक पेय हराम आहे, असे प्रेषित (स.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. वर कोरडे आणि खाली भिजलेले धान्य विकणाऱ्याला त्यांनी दिलेली ताकीदही सर्वांना ठाऊक आहे. आंबलेला मध चांगल्यात खपवणे हा त्याच जातीचा व्यवहार होय.

काळी पोळी फेकू नका

पिले वाढवलेले पोळे दरवेळी काळे आणि जाड होत जाते, घरे लहान होतात. उजेडासमोर धरल्यावर प्रकाश आरपार येत नसेल तर ते बदलावे. पिलांच्या रोगाने मेलेल्या वसाहतीचे पोळे दुसऱ्या पेटीत कधीही देऊ नये. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. रिकामी पोळी पावसाळ्यात तशीच ठेवली तर मेणकिडा आणि बुरशी त्यांचा फडशा पाडतात. म्हणून ती लगेच वितळवावी.

पोळी आधी पाण्यात भिजवावीत, नाहीतर आतील कोषच मेण शोषून घेतात. मग जाड कापडाच्या पिशवीत बांधून स्टीलच्या भांड्यात पाण्यात तापवावीत. मेण सुमारे ६२ ते ६४ अंशांना वितळते. पिशवी काठीने दाबावी. पाणी गार झाले की वर मेणाची वडी तयार! लोखंडी भांड्यात मेण काळवंडते, आणि पाण्याशिवाय जाळावर ठेवले तर पेट घेते.

हे मेण पेटीसाठी मेणपत्रा बनवायला लागते. चामड्याचे काम करणारे दोऱ्याला, सुतार पॉलिशला, दागिने ओतणारे साच्याला आणि मलम बनवणारेही मेण वापरतात. म्हणजे मधवाल्याचा कचरा हा कारागिराचा कच्चा माल आहे.

शिकायचे कुठे?

महाबळेश्वरचे मध संचालनालय आणि पुण्यात १९६२ पासून असलेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था ही या विषयातील जाणती ठिकाणे. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या बागा मोठ्या प्रमाणात आडव्या झाल्या. नव्याने लावलेली झाडे उत्पन्न द्यायला काही वर्षे घेतात. तोवर बागेतील चार पेट्या बागायतदाराला हातभार लावू शकतील. मात्र त्यासाठी पिकलेलाच मध काढायचा, बरणी कोरडी व घट्ट ठेवायची आणि आंबलेला माल बाजूला काढायचा, ही शिस्त पाळावी लागेल. गिऱ्हाईक एकदा फसले की दुसऱ्या वर्षी दुकानाची पायरी चढत नाही.