सस्पेन्शन बुश

सस्पेन्शन बुश हा मोटारीच्या चाकाला आधार देणाऱ्या आर्मच्या सांध्यात बसवलेला, नळीच्या आकाराचा व बहुधा रबराचा भाग होय. चाकाला वरखाली होऊ देणे, रस्त्यावरचे हादरे सांगाड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी सौम्य करणे आणि त्याच वेळी चाकाची जागा ढळू न देणे, अशी तीन कामे तो एकत्र करतो. हा भाग लहान असला, तरी तो निकामी झाल्यास ब्रेक लावताना मोटार एका बाजूला ओढली जाऊ शकते; म्हणून त्याचा संबंध केवळ आरामाशी नसून सुरक्षिततेशीही आहे. जुन्या मोटारींत हे बुश पुरेशी हत्यारे व काळजी असल्यास घरी बदलता येतात.

रचना व कार्य

सर्वसाधारण बुशाच्या मध्यभागी पोलादी नळी असते आणि तिच्याभोवती रबराचे जाड आवरण असते. काही बुशांना बाहेरून आणखी एक पोलादी कवच असते, तर काहींत रबर थेट आर्मच्या गोल छिद्रात घट्ट बसते. आतील नळीतून जाणारा बोल्ट सांगाड्याच्या पकडीत आवळला की ती नळी स्थिर होते. आर्म हलतो, तेव्हा ही नळी फिरत नाही. तिच्या व आर्मच्या मधले रबर पिळले जाते आणि भार कमी होताच पूर्ववत होते.

हा बुश धातूच्या बेअरिंगप्रमाणे घसरत नाही, तर पिळला जातो. बुश बसवण्याच्या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाचा नियम यातूनच निघतो.

पूर्वीच्या अनेक मोटारींत या सांध्यांमध्ये धातूचे बुश असत आणि त्यांना वरचेवर ग्रीस द्यावे लागे. कच्चे रबर उष्णतेने चिकट व थंडीने ठिसूळ होत असल्याने अशा कामाला निरुपयोगी होते. गंधकासह तापवून रबर टिकाऊ व लवचीक करण्याच्या व्हल्कनायझेशन या प्रक्रियेचे अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये मिळाले. अशा रबराच्या बुशाला वंगण लागत नाही.

झिजण्याची कारणे

रबर कालांतराने आपोआप कडक होते. उष्णता, ऊन व हवेतील ओझोन यांमुळे त्याला तडे जातात. इंजिनातून गळणारे तेल नैसर्गिक रबरात मुरले, तर ते फुगून मऊ पडते. खड्डे व गतिरोधक यांचे धक्के या ऱ्हासाला वेग देतात, तर पावसाळ्यातील पाणी व चिखल यांमुळे बोल्ट नळीत गंजून घट्ट बसतो. त्यामुळे कमी वापरलेल्या जुन्या मोटारीचे बुशही केवळ वयामुळे निकामी झालेले आढळतात.

लक्षणे व तपासणी

खड्ड्यातून जाताना किंवा ब्रेक लावताना पुढील बाजूने ‘खट्’ असा आवाज येणे, सरळ रस्त्यावर स्टीयरिंग सतत सावरावे लागणे, ब्रेक लावताच मोटार एका बाजूला ओढली जाणे आणि टायरची एकच कड झिजणे ही प्रमुख लक्षणे होत. बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक किंवा शॉक ॲब्सॉर्बर खराब झाल्यासही यांपैकी काही लक्षणे दिसतात. म्हणून नवा भाग विकत घेण्यापूर्वी मोटार सुरक्षितपणे उचलून, आर्म व सांगाडा यांच्यामध्ये लहान पहार घालून हलकेच दाब देतात. आर्म सैलपणे सरकला, रबर नळीपासून सुटलेले दिसले किंवा त्यात आरपार तडा आढळला, तर बुश बदलणे आवश्यक ठरते. केवळ वरच्या थरावरील बारीक रेषा हे निकामी होण्याचे लक्षण नव्हे.

उदाहरण: मारुती ८००

डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या व २०१४ च्या प्रारंभापर्यंत उत्पादन सुरू राहिलेल्या मारुती ८०० या मोटारीची पुढील रचना साधी असल्याने ती या कामाचे चांगले उदाहरण आहे. तिच्या प्रत्येक पुढील चाकाला खालून एक आर्म असतो. त्याचे आतील टोक बुशाच्या साहाय्याने सांगाड्याला आणि बाहेरील टोक बॉल जॉइंटने चाकाच्या नकलला जोडलेले असते. दोन्ही आर्मना जोडणारा स्टॅबिलायझर बार चाकांना पुढेमागे सरकू देत नाही. त्याचे रबरी बुशही याच वेळी तपासणे इष्ट असते.

या मोटारीत स्प्रिंग स्ट्रटवरच्या दोन बैठकांमध्ये अडकलेली असते, त्यामुळे आर्म सोडवताना ती उसळत नाही. मात्र ज्या मोटारींत स्प्रिंग थेट खालच्या आर्मवर टेकलेली असते, तेथे आर्म सोडताच दाबलेली स्प्रिंग प्राणघातक वेगाने सुटू शकते. अशा मोटारीचे काम योग्य साधनांविना घरी करू नये.

बदलण्याची पद्धत

मोटार सपाट व कठीण जमिनीवर उभी करून हँडब्रेक लावतात आणि मागील चाकांना ठोकळे लावतात. चाकांचे नट जमिनीवरच किंचित सैल करून, मग पुढील भाग जॅकने उचलून सांगाड्याच्या मजबूत जागी दोन्ही बाजूंना स्टँड देतात. केवळ जॅकच्या भरवशावर मोटारीखाली कधीही जाऊ नये. विटा व सिमेंटचे पोकळ ठोकळे भाराखाली अचानक फुटतात, म्हणून तेही वर्ज्य होत. काढलेले चाक सांगाड्याच्या कडेखाली आडवे ठेवल्यास जादा आधार मिळतो.

गंजलेल्या नट-बोल्टांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल टाकल्यास काम सुकर होते. प्रथम स्टॅबिलायझर बारच्या टोकाचा नट काढतात. नंतर बॉल जॉइंट धरून ठेवणारा बोल्ट पूर्ण बाहेर काढतात. हा बोल्ट जॉइंटच्या खाचेतून जात असल्याने तो केवळ सैल करून जॉइंट निघत नाही. शेवटी आतील बोल्ट काढून आर्म मोकळा करतात.

जुन्या बुशाची बाहेर आलेली रबरी कड धारदार सुरीने कापून तो दाबून बाहेर काढतात. यासाठी प्रेस नसल्यास लांब व जाड बोल्ट, नट, रुंद वॉशर आणि बुशापेक्षा किंचित मोठ्या व्यासाचा पोलादी पाइपचा तुकडा वापरता येतो. नट आवळत गेल्यावर बुश सावकाश पाइपमध्ये सरकतो. हातोड्याचे घाव घातल्यास पत्र्याचा आर्म वाकण्याची भीती असते. छिद्र स्वच्छ करून नवा बुश साबणाच्या पाण्याने ओला करतात व त्याच युक्तीने दोन्ही बाजूंना सारखा बाहेर राहील असा बसवतात. येथे तेल किंवा ग्रीस वापरू नये. बॉल जॉइंटही सैल असल्यास बुशासह मिळणारा संपूर्ण आर्म घेणे अधिक सोयीचे ठरते.

अंतिम आवळणी

चाक हवेत लोंबकळत असताना आर्म खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत बुशाचा बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराची विश्रांतीची स्थिती तीच ठरते. मग मोटार जमिनीवर येताच आर्म वर जातो आणि रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. प्रत्येक खड्ड्यात त्यावर जादा ताण पडून नवा बुशही लवकर फाटतो. नव्या बुशाच्या अल्पायुष्याचा दोष अनेकदा मालाच्या दर्जाला दिला जातो. प्रत्यक्षात तो चुकीच्या क्रमाने आवळल्यामुळेही फाटतो.

म्हणून बॉल जॉइंटचा बोल्ट पूर्ण आवळला, तरी बुशाचा बोल्ट व स्टॅबिलायझर बारचे नट आधी बेताचेच आवळतात. चाके बसवून त्यांच्याखाली रुंद, भक्कम लाकडी फळ्या ठेवतात आणि मोटार त्यांवर उतरवतात. ती दोन-तीन वेळा दाबून सोडल्यावर आर्म नेहमीच्या स्थितीत येतो. याच वेळी टॉर्क पान्याने निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार अंतिम आवळणी करतात. काढलेली स्प्लिट पिन पुन्हा न वापरता नवी घालतात.

नंतरची काळजी व मर्यादा

दोन्ही बाजूंचे बुश एकाच वेळी बदलावेत, अन्यथा दोन चाकांचे वर्तन भिन्न राहते. काम झाल्यावर प्रथम मोकळ्या रस्त्यावर मंद वेगाने ब्रेक तपासून घ्यावेत, त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे आणि थोड्या प्रवासानंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात. ते अधिक कडक असल्याने चाक नेमके धरतात, परंतु हादरे व आवाज अधिक जाणवू देतात. आर्म वाकलेला असल्यास किंवा सांगाड्यावरील पकड गंजून पातळ झालेली आढळल्यास केवळ बुश बदलून भागत नाही. अशी मोटार रस्त्यावर न आणता कुशल मेकॅनिककडून दुरुस्त करून घेणे आवश्यक असते.