दीर्घ धाव आणि शरीराची रोगप्रतिकारशक्ती

नियमित व्यायामाने शरीर निरोगी राहते, हे सर्वमान्य आहे. परंतु व्यायाम अतिशय दीर्घ व तीव्र झाल्यास त्याचा रोगप्रतिकारशक्तीवर कोणता परिणाम होतो, या प्रश्नाचा अभ्यास गेली चार दशके चालू आहे. भरतीसाठी किंवा शर्यतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करणारे तरुण आज गावोगावी दिसतात. त्यांना, त्यांच्या पालकांना व क्रीडाशिक्षकांना या अभ्यासाची माहिती असणे हितावह ठरेल.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे १९८२ साली ५६ किलोमीटरची शर्यत झाली. तीत धावलेल्या १५० जणांची पाहणी करण्यात आली. पुढील दोन आठवड्यांत त्यांपैकी ३३.३ टक्के धावपटूंना सर्दी, घसादुखी असा त्रास झाला. न धावलेल्या समवयस्कांत हे प्रमाण १५.३ टक्के होते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील १९८७ च्या मॅरेथॉननंतर डेव्हिड नीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीही अशीच पाहणी केली. शर्यतीनंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्के, तर सराव करूनही शर्यतीत न उतरलेल्यांपैकी केवळ २.२ टक्के लोकांनी आजारी पडल्याचे कळविले.

यामागील शारीरिक प्रक्रिया अशी : जोरदार श्रमाच्या वेळी रक्तप्रवाह वाढतो, अॅड्रेनॅलिन स्रवते आणि रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने रक्तात उतरतात. श्रम थांबल्यावर एक-दोन तासांत त्यांपैकी काही प्रकारच्या पेशींची रक्तातील संख्या नेहमीपेक्षाही खाली जाते. या काळात शरीराची जणू एक खिडकी उघडी राहते व तीतून रोग शिरतो, असे अनेक वर्षे मानले गेले.

इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली या मताचा फेरविचार मांडला. त्यांच्या मते या पेशी नष्ट होत नाहीत. फुप्फुसे, आतडी अशा जंतुप्रवेशाच्या ठिकाणी त्या पहाऱ्यावर जातात. शिवाय पूर्वीच्या पाहण्या धावपटूंच्या सांगण्यावर आधारलेल्या होत्या. प्रत्येक घसादुखी जंतुसंसर्गामुळेच होते, असे नाही. गर्दी, प्रवास, अपुरी झोप व मनावरील ताण हीदेखील शर्यतीनंतरच्या आजारांची कारणे असू शकतात. हा वाद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही.

मध्यम व्यायामाच्या लाभाबाबत मात्र दुमत नाही. नीमन यांच्याच एका प्रयोगात स्थूल स्त्रियांनी १५ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस, रोज ४५ मिनिटे भरभर चालण्याचा व्यायाम केला. व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत त्यांचे सर्दी-पडशाचे दिवस जवळजवळ निम्मे भरले.

यावरून व्यवहारात पुढील गोष्टी पाळणे इष्ट होय. धावण्याचे अंतर हळूहळू वाढवावे. कठीण सरावानंतर पुरेशी झोप, विश्रांती व पोटभर आहार घ्यावा. मैदानावर सर्वांनी एकाच भांड्याला तोंड लावून पाणी पिऊ नये. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असताना मात्र धावणे पूर्णपणे थांबवावे. अशा वेळी जोराचे श्रम केल्यास क्वचित हृदयाच्या स्नायूंना सूज येऊन जिवावर बेतू शकते. भरतीची तारीख जवळ आली म्हणून तापातही धावणाऱ्या मुलाला घरी परत पाठविणे, हे क्रीडाशिक्षकाचे कर्तव्यच आहे. चार दिवसांचा बुडालेला सराव पुढे भरून काढता येतो.