एच.३२३

एच.३२३ हे पॅकेट-आधारित जाळ्यांवरून आवाज व चलच्चित्र यांद्वारे संवाद साधण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने तयार केलेले मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९६ साली संमत झाली. हा एकच प्रोटोकॉल नसून अनेक प्रोटोकॉलांना एकत्र बांधणारी शिफारस आहे.

पार्श्वभूमी

पारंपरिक दूरध्वनी जाळ्यात प्रत्येक संभाषणासाठी स्वतंत्र मार्ग राखून ठेवला जातो. संगणकीय जाळ्यात मात्र सर्वांची पॅकेटे एकाच मार्गाने जातात. तेथे ठरावीक क्षमतेची हमी नसते. अशा जाळ्यावर संभाषण सुरळीत राहावे, यासाठी एच.३२३ मध्ये कामांची विभागणी केलेली आहे.

घटक

• टर्मिनल : वापरकर्त्याचे उपकरण किंवा सॉफ्टवेअर. जी.७११ ही ध्वनिसंकेतन पद्धत प्रत्येक टर्मिनलला येणे बंधनकारक आहे. चित्राची सोय ऐच्छिक आहे.
• गेटकीपर : पत्त्यांचे रूपांतर करणारा, कॉलला परवानगी देणारा व बँडविड्थचे नियंत्रण करणारा घटक. त्याच्या अखत्यारीतील उपकरणांच्या समूहाला 'झोन' म्हणतात. गेटकीपर ऐच्छिक असला, तरी तो असल्यास झोनमधील उपकरणांना त्याच्याकडे नोंदणी करावी लागते.
• गेटवे : एच.३२३ जाळे आणि सार्वजनिक दूरध्वनी जाळे यांसारख्या भिन्न व्यवस्थांना जोडणारा दुवा.
• एमसीयू : तीन किंवा अधिक स्थळांची बैठक चालविणारा घटक.

कॉलची उभारणी

कॉल करणारे टर्मिनल प्रथम गेटकीपरकडे परवानगी मागते व लागणारी बँडविड्थ कळवते. पुरेशी क्षमता शिल्लक नसल्यास गेटकीपर कॉल नाकारू शकतो. एक जादा कॉल स्वीकारल्याने आधीपासून चालू असलेली सर्वच संभाषणे तुटक होण्याचा धोका असतो. तो या नकारामुळे टळतो.

परवानगी मिळाल्यावर एच.२२५.० या प्रोटोकॉलने, सामान्यतः टीसीपीच्या १७२० क्रमांकाच्या पोर्टवरून, समोरच्या टर्मिनलला कॉलची सूचना जाते. त्यानंतर एच.२४५ प्रोटोकॉलद्वारे दोन्ही टर्मिनले आपापल्या क्षमता एकमेकांना कळवतात आणि दोघांनाही समजणाऱ्या संकेतन पद्धती निवडतात.

प्रत्यक्ष आवाज व चित्र आरटीपी प्रोटोकॉलने, यूडीपीवरून, स्वतंत्र प्रवाहांत पाठविले जातात. हरवलेले पॅकेट पुन्हा मागविल्यास ते बहुधा उशिरा पोहोचून निरुपयोगी ठरते; म्हणून येथे टीसीपीऐवजी यूडीपी वापरले जाते. पॅकेटांवरील कालनोंदी आणि आरटीसीपीचे अहवाल यांच्या साहाय्याने ओठांची हालचाल व आवाज यांचा मेळ घातला जातो. आवाज आणि चित्र गेटकीपरमधून जात नाहीत.

बहुस्थळ बैठक

एमसीयू नसल्यास पाच स्थळांच्या बैठकीत प्रत्येकाला इतर चौघांकडे आपले चित्र पाठवावे लागते, म्हणजे एकूण २० प्रवाह होतात. एमसीयू असल्यास प्रत्येक जण एक प्रवाह पाठवतो व एक स्वीकारतो. एमसीयू आवाजांचे मिश्रण करताना ऐकणाऱ्याचा स्वतःचा आवाज वगळतो. अन्यथा त्याला तो प्रतिध्वनीसारखा ऐकू आला असता. मात्र या प्रक्रियेमुळे थोडा विलंब वाढतो आणि एमसीयू बंद पडल्यास संपूर्ण बैठकच थांबते.

मर्यादा

एच.३२३ च्या संदेशांतच आयपी पत्ते लिहिलेले असतात. फायरवॉल किंवा पत्तारूपांतर करणारा राउटर मध्ये असल्यास हे पत्ते बाहेरून उपयोगी पडत नाहीत. परिणामी घंटा वाजते, कॉल जोडला जातो, पण आवाज एकाच बाजूला पोहोचतो किंवा मुळीच पोहोचत नाही. संकेतनाचा आणि ध्वनिचित्रांचा मार्ग वेगवेगळा असल्याचा हा परिणाम होय. यावर उपाय म्हणून २००५ साली एच.४६०.१८ व एच.४६०.१९ ही पूरक मानके आली.

एसआयपीशी संबंध

१९९९ साली प्रसिद्ध झालेला एसआयपी हा प्रोटोकॉल एच.३२३ चा प्रमुख पर्याय ठरला. त्याची संकेतनपद्धती वेगळी असली, तरी आवाज व चित्र वाहून नेण्यासाठी तोही सामान्यतः आरटीपीच वापरतो. त्यामुळे गेटवेच्या साहाय्याने या दोन्ही व्यवस्था एकमेकींशी जोडता येतात.