परदेशात ई-सिम घेताय? डेटा मिळेल, पण ओटीपीचं काय?

कोपरखैरणे स्टेशनजवळच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून रिलायन्स इन्फोकॉमचा मोबाइल कारभार चालायचा. ही सेवा डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाली. पुढच्या वर्षी ५०१ रुपयांची ‘मान्सून हंगामा’ योजना आली आणि अनेकांच्या हातात पहिला मोबाइल आला. त्या सीडीएमए फोनमध्ये सिमकार्ड नव्हतं, नंबर हँडसेटमध्येच भरलेला असे. कंपनी बदलायची तर फोनही बदलावा लागायचा.

आजच्या ई-सिममध्येही कार्ड नसतं, पण गोष्ट बरोबर उलटी आहे. फोनमध्ये एक छोटी चिप कायमची बसवलेली असते आणि तिच्यावर हव्या त्या कंपनीचं ‘प्रोफाइल’ इंटरनेटवरून उतरवून घेता येतं. एका फोनमध्ये अशी अनेक प्रोफाइल साठवता येतात. म्हणजे तुमचं नेहमीचं भारतीय सिम जागेवर ठेवून शेजारी दहा दिवसांसाठी थायलंडचा किंवा युरोपचा डेटा प्लॅन टाकता येतो. यालाच ट्रॅव्हल ई-सिम म्हणतात.

आधी फोन तपासा

डायलरवर *#०६# दाबा. आयएमईआयसोबत ‘ईआयडी’ नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. आयफोनमध्ये ती २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून आली. अँड्रॉइडच्या महागड्या फोनमध्ये बहुतेक असते, स्वस्त फोनमध्ये अनेकदा नसते. घरातल्या ज्येष्ठांना जुना फोन देऊन सहलीला पाठवणार असाल, तर प्लॅन घेण्याआधी हे पाहाच.

विकत कुठून घ्यायचं?

परदेशी यूट्यूबर ज्यांची नावं घेतात ती ॲप भारतात सापडत नाहीत, अशी तक्रार बरेच जण करतात. त्याला कारण आहे. भारतात परदेशी सिम विकायचं तर दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही ॲप सरकारच्या सूचनेवरून ॲपल व गूगलच्या भारतातल्या स्टोअरमधून काढली गेली. ओळख न पटवता मिळणारी परदेशी सिम सायबर फसवणुकीत वापरली जातात, ही त्यामागची चिंता होती. त्यामुळे परवानाधारक भारतीय विक्रेत्याने पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत मागितली तर वैतागू नका. काहीच न विचारता टेलिग्रामवर क्यूआर कोड पाठवणाऱ्यापासून मात्र लांब राहा.

ओटीपीचा घोळ

बहुतेक ट्रॅव्हल ई-सिम फक्त डेटा देतात. त्यांना फोन नंबर नसतो. व्हॉट्सॲप तुमच्या जुन्या भारतीय नंबरावरच चालू राहतं. वाटेत ‘नंबर बदलायचा का?’ असं विचारलं गेलं, तर नाही म्हणा. पण बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, आणि तो येण्यासाठी भारतीय सिम परदेशी नेटवर्कला जोडलेलं असावं लागतं. साधारणपणे येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. येणारा कॉल उचलला तर पडतात. मात्र आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा सुरू असायला हवी, आणि प्रीपेड असेल तर रिचार्जची मुदतही. निघण्यापूर्वी कंपनीच्या ॲपमध्ये हे दोन्ही बघून घ्या. नाहीतर इस्तंबूलच्या हॉटेलात कार्ड चालेल, पण ओटीपी मात्र यायचा नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते. ट्रॅव्हल ई-सिम घेणं वेगळं आणि आपलं भारतीय सिमच ई-सिममध्ये बदलून घेणं वेगळं. दुसरा प्रकार म्हणजे सिम बदलणं, आणि सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे. विमानाच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नये. आणि ‘तुमचं सिम ई-सिम करून देतो, आलेला कोड सांगा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. या मार्गाने नंबर पळवून खाती रिकामी करणाऱ्या टोळ्या आहेत.

सेटिंग: एक चालू, एक बंद

ई-सिम घरच्या वायफायवरच टाकून घ्या. क्यूआर कोड दुसऱ्या फोनवर किंवा कागदावर ठेवा, म्हणजे स्कॅन करता येईल. प्लॅनची मुदत टाकल्यापासून मोजतात की परदेशात नेटवर्क मिळाल्यापासून, हे आधी वाचा. टाकलेलं प्रोफाइल रागाच्या भरात डिलीट करू नका. तोच कोड पुन्हा चालेलच असं नाही.

उतरल्यावर मोबाइल डेटासाठी ट्रॅव्हल ई-सिम निवडा, त्याचं डेटा रोमिंग चालू करा आणि भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. आयफोनमध्ये डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेणारी सोयही बंद करा, नाहीतर नेट मंद झालं की फोन गुपचूप भारतीय सिम वापरेल आणि बिल फुगेल. ‘विकत घेतलेल्या ई-सिमला रोमिंग कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. पण ते सिम अनेकदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं. तुम्ही पॅरिसमध्ये, सिम पोलंडचं, असं.

यातूनच एक गंमत होते. रोमिंगमध्ये डेटा अनेकदा सिमच्या मूळ देशातून फिरून येतो. म्हणून मुख्य भूमी चीनमध्ये हाँगकाँगच्या सिमवर व्हॉट्सॲप उघडतं, स्थानिक सिमवर नाही. तोटाही तोच: वेबसाइटला तुम्ही भलत्याच देशात दिसता आणि बँकेचं ॲप बिथरू शकतं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सिम तपासली, तेव्हा काहींचा डेटा चिनी नेटवर्कमार्गे जात असल्याचं आढळलं. रील टाकायला याने फरक पडत नाही. ऑफिसची कामं करणाऱ्याला पडतो.

किती जीबी पुरेल?

नकाशे आणि व्हॉट्सॲपचे मजकूर फार डेटा खात नाहीत. खातात ते व्हिडिओ. रोज स्टोरी आणि रील टाकणाऱ्यांनी फोटोंचा आपोआप बॅकअप फक्त वायफायवर ठेवला, तरी बरंच वाचतं. ‘अनलिमिटेड’ लिहिलेल्या प्लॅनमध्ये रोजच्या ठरावीक वापरानंतर वेग कमी होतो का, तेही बारीक अक्षरात शोधा.

दोन-तीन दिवसांची दुबईवारी असेल तर भारतीय कंपनीचा रोमिंग पॅकच सोपा पडतो. कॉल आणि ओटीपी दोन्ही त्याच नंबरावर. चार देशांची पंधरा दिवसांची सहल असेल तर ई-सिमला तोड नाही. आणि मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहायला निघालेल्या आई-बाबांना तिथलंच प्रीपेड सिम घेऊन द्या. डॉक्टर, शेजारी, कुरियरवाला यांना फोन करायला तिथला नंबर लागतोच. भारतीय सिमचं रिचार्ज मात्र इथून चालू ठेवा, कारण ९० दिवस अजिबात न वापरलेला प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, आणि पेन्शनचं खातं त्याच नंबराला जोडलेलं असतं.