ई-मेल सेवासंस्था व शासनाची माहिती-मागणी
ई-मेल सेवा चालविणाऱ्या खाजगी संस्थेकडून तिच्या ग्राहकांची ओळख, त्यांच्या संदेशांच्या नोंदी किंवा प्रत्यक्ष मजकूर कायद्याच्या आधारे मिळविण्याची पोलीस, गुप्तवार्ता यंत्रणा व न्यायालये यांची कार्यपद्धती आणि अशा मागणीला त्या संस्था देत असलेला प्रतिसाद, हा विसाव्या शतकाच्या अखेरीस उद्भवलेला एक महत्त्वाचा विधिविषय होय. कागदी पत्र टपाल खात्याच्या हाती केवळ वाटेत असताना असते; ते पोहोचते झाले, की खात्याचा त्याच्याशी संबंध संपतो. ई-मेलचे तसे नाही. पत्र वाचून झाल्यावरही त्याची प्रत सेवासंस्थेच्या सर्व्हरवर वर्षानुवर्षे पडून राहते आणि बहुतेक संस्थांच्या बाबतीत ती संस्थेला वाचता येईल अशाच रूपात असते. त्यामुळे एखाद्याच्या घराची झडती न घेता, किंबहुना त्याला कळूही न देता, त्याचा अनेक वर्षांचा पत्रव्यवहार तिसऱ्याच ठिकाणाहून हस्तगत करणे शक्य झाले आहे. मोहोरबंद पत्र उघडण्यास वॉरंट लागते, असे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७८ मध्येच म्हटले होते. ई-मेलला हे संरक्षण आपोआप लाभले नाही. ते खटले लढवून मिळवावे लागले.

मागितली जाणारी माहिती : ही तीन प्रकारची असते. पहिला प्रकार ग्राहकाच्या ओळखीचा : नाव, दूरध्वनी क्रमांक, शुल्क भरल्याचा तपशील, परवलीचा शब्द विसरल्यास उपयोगी पडावा म्हणून दिलेला दुसरा ई-मेल पत्ता इत्यादी. दुसरा नोंदींचा : कोणी कोणास केव्हा लिहिले आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे महाजालाशी जोडलेल्या कोणत्या जोडणीवरून, खाते उघडले. तिसरा प्रत्यक्ष मजकुराचा. बहुतेक देशांचे कायदे मजकुराला सर्वांत अधिक व ओळखीला सर्वांत कमी संरक्षण देतात. पाकिटावरचा पत्ता पोस्टमनलाही दिसतो, मग त्यात गुप्त ते काय, असा यामागील युक्तिवाद आहे. तो पटण्यासारखा नाही. वार्ताहराला माहिती पुरविणारा मनुष्य कोण, हे शोधण्यास मजकुराची गरजच नसते, पाकिटे पुरतात.

अमेरिकेतील कायदा : जगातील मोठ्या ई-मेल संस्था अमेरिकन असल्याने तेथील कायद्याचा प्रभाव सर्वत्र जाणवतो. १९८६ च्या इलेक्ट्रॉनिक संदेशवहन गोपनीयता अधिनियमाने १८० दिवसांपेक्षा जुन्या साठविलेल्या ई-मेलला वॉरंटची आवश्यकता ठेवली नाही. त्या काळी सर्व्हरवरील जागा महाग होती आणि सहा महिने न उचललेले पत्र टाकून दिलेलेच असणार, असे गृहीत धरण्यात आले होते. पुढे जागा स्वस्त झाली, लोक सर्व पत्रे साठवू लागले, पण नियम तसाच राहिला. २०१० मध्ये वॉरशॅक खटल्यात सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ई-मेलच्या मजकुराला संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीचे संरक्षण आहे, असा निर्णय दिला आणि त्यानंतर प्रमुख संस्था मजकुरासाठी वॉरंटचा आग्रह धरू लागल्या. हा नियम अधिनियमातच घालणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने २०१६ मध्ये ४१९ विरुद्ध शून्य मतांनी संमत केले; सीनेटमध्ये मात्र ते अडले. याखेरीज एफबीआय ही तपासयंत्रणा न्यायाधीशाकडे न जाता ‘राष्ट्रीय सुरक्षा पत्र’ पाठवून ग्राहकाच्या ओळखीच्या नोंदी मागू शकते. अशा पत्राबरोबर त्याची वाच्यता न करण्याचा आदेशही बहुधा असतो. न्यूयॉर्कमधील एका लहान महाजालसेवेचे चालक निकोलस मेरिल यांना २००४ मध्ये असे पत्र आले. त्याविषयी संपूर्णपणे बोलण्याची मोकळीक त्यांना २०१५ मध्ये मिळाली.

मोठ्या संस्थांचा प्रतिसाद : मोठ्या संस्थांचे विधिविभाग मागणी योग्य अधिकाऱ्याकडून आली आहे काय, ती कोणत्या कलमाखाली आहे व आवश्यकतेपेक्षा व्यापक तर नाही ना, हे तपासतात, मनाई नसल्यास ग्राहकास कळवितात आणि शेवटी कायद्याने देणे भाग असेल ते देतात. गूगलने २०१० पासून अशा मागण्यांची संख्या प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला व इतरांनी तिचे अनुकरण केले. राष्ट्रीय सुरक्षेच्या मागण्यांचे आकडे मात्र अमेरिकेत नेमके देता येत नाहीत. ‘शून्य ते २४९’ अशा पट्ट्यांतच ते सांगण्याची मुभा आहे.

नकाराची किंमत याहूच्या उदाहरणावरून दिसते. २००७ मध्ये आलेल्या पाळतीच्या निदेशांना या संस्थेने गुप्त न्यायालयात आव्हान दिले. शासनाने प्रतिदिनी अडीच लक्ष डॉलर दंडाची मागणी पुढे केली. २००८ मध्ये संस्था अपिलातही हरली, आणि हा वाद तिने लढविला होता हे जगाला २०१३ पर्यंत कळले नाही. याच संस्थेने चीनमध्ये मात्र निमूटपणे माहिती दिली होती. वृत्तपत्रांना सरकारने दिलेल्या आदेशाचा गोषवारा परदेशी पाठविल्याबद्दल पत्रकार शी ताओ यांना २००५ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांची ओळख याहूकडील नोंदींवरून पटविण्यात आली होती. २००७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे संस्थेच्या प्रमुखांना त्यांच्या आईची क्षमा मागावी लागली. दोन्ही प्रसंगी संस्था स्थानिक कायद्याचेच पालन करीत होती, हे लक्षात घेतले पाहिजे. ‘आम्ही कायद्याप्रमाणे वागतो’ या विधानाचे मोल तो कायदा कोणाचा आहे यावर अवलंबून असते.

कूटलेखन व त्याच्या मर्यादा : मजकूर कूटलेखनाने बंद करून किल्ली केवळ ग्राहकाकडे ठेवली, तर संस्थेकडे देण्यासारखे काही उरणारच नाही, या कल्पनेवर काही लहान संस्था उभ्या राहिल्या. कॅनडातील हशमेल ही त्यांपैकी एक. तिच्या एका पद्धतीत कूटलेखन ग्राहकाच्या स्वतःच्या संगणकावर होई. दुसऱ्या, अधिक सोयीच्या पद्धतीत ते संस्थेच्या सर्व्हरवर होई आणि परवलीचा शब्द क्षणभर का होईना सर्व्हरकडे येई. तेवढा क्षण पुरेसा ठरला. अमेरिकेच्या विनंतीवरून कॅनडातील न्यायालयाने आदेश दिला व २००७ मध्ये उघड झाल्याप्रमाणे संस्थेने बारा सीडी भरून उकललेली पत्रे तपासयंत्रणेच्या स्वाधीन केली. हा तपास बेकायदा स्टेरॉइड विक्रीचा होता आणि त्यात माहिती दिल्याबद्दल फारसा खेद वाटण्याचे कारण नाही. पण त्याच मार्गाने इतर कोणाचीही पत्रे उकलता आली असती.

या विषयातील सर्वांत उद्बोधक प्रकरण टेक्सस राज्यातील लाव्हाबिट या संस्थेचे आहे. लाडार लेव्हिसन यांनी २००४ मध्ये स्थापिलेल्या या सेवेचे सुमारे चार लक्ष ग्राहक होते. शुल्क भरणाऱ्यांची पत्रे त्यांच्याच परवलीच्या शब्दाने कूटबद्ध करून साठविली जात व ती मालकालाही वाचता येत नसत. जून २०१३ मध्ये एका खात्याच्या नोंदी जिवंतपणे टिपण्याचा आदेश संस्थेला मिळाला. हे खाते एडवर्ड स्नोडेन यांचे होते. न्यायालयीन कागदपत्रांतील नाव खोडताना झालेल्या चुकीमुळे ते २०१६ मध्ये अधिकृतपणे उघड झाले. साठविलेली पत्रे बंद असल्याने तपासयंत्रणेने वेगळीच वस्तू मागितली : ग्राहकांचे संगणक व सर्व्हर यांच्यामधील वाहतूक ज्या एका किल्लीने सुरक्षित केली जाई, ती किल्ली. ती दिली, तर एकाच्या नव्हे तर सर्व ग्राहकांच्या वाहतुकीचे कुलूप निघणार होते. त्या एका खात्याच्या नोंदी आपण स्वतः काढून देतो व त्यासाठी दोन हजार डॉलर शुल्क घेतो, असा प्रस्ताव लेव्हिसन यांनी मांडला. तो फेटाळला गेला. प्रारंभीच्या सुनावणीला ते वकिलाविना उभे होते. अखेरीस न्यायालयाने किल्ली देण्यास फर्मावले, तेव्हा त्यांनी ती अकरा पानांवर इतक्या बारीक टंकात छापून दिली, की वाचणे जवळजवळ अशक्य व्हावे. न्यायालयाने ५ ऑगस्टपासून प्रतिदिनी पाच हजार डॉलर दंड बसविला. लेव्हिसन यांनी किल्ली वापरण्याजोग्या स्वरूपात दिली आणि ८ ऑगस्ट २०१३ रोजी सेवाच बंद केली. बंद करण्याचे कारण सांगण्यासही त्यांना मनाई होती. त्यांच्या अपिलात एका किल्लीसाठी सर्वांची गोपनीयता धोक्यात घालता येते काय, या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. खालच्या न्यायालयात हे मुद्दे नीट मांडलेच नव्हते, या कारणावरून चौथ्या परिमंडळाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये दंड कायम केला.

लाव्हाबिट बंद झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सायलेंट सर्कल या संस्थेने मागणी येण्यापूर्वीच आपली ई-मेल सेवा थांबविली. सिएटलच्या राइजअप या चळवळ्या गटाने वेगळा मार्ग धरला. त्याला दोन गुप्त वॉरंटे आली होती, एक खंडणीखोर टोळीच्या व दुसरे खंडणीसाठी संगणक बंद पाडणाऱ्याच्या खात्याविषयी. गटाने ती पाळली, फेब्रुवारी २०१७ मध्ये मनाई उठताच तसे जाहीर केले आणि यापुढे साठविलेली पत्रे स्वतःलाही उघडता येणार नाहीत अशी रचना केली.

यूरोपातील अनुभव : स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन मेल या सेवेत मजकूर संस्थेला वाचता येत नाही व तो आजवर सुरक्षित राहिला आहे. तथापि २०२१ मध्ये फ्रेंच पोलिसांनी यूरोपोलमार्फत केलेल्या विनंतीवरून स्विस अधिकाऱ्यांनी आदेश दिला आणि पॅरिसमधील एका हवामान आंदोलकाच्या खात्याचा आयपी पत्ता संस्थेला यापुढे टिपून द्यावा लागला. एरवी असे पत्ते नोंदविले जात नसत. आदेशानंतर नोंदविले गेले. ‘आम्ही नोंद ठेवत नाही’ आणि ‘आम्हांस नोंद ठेवायला लावता येत नाही’ या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे अनेक ग्राहकांच्या तेव्हाच ध्यानी आले. संस्थेने आपल्या संकेतस्थळावरील त्यासंबंधीचे वाक्यही बदलले. जर्मनीत हा भेद न्यायालयानेच स्पष्ट केला आहे. बर्लिनच्या पोस्टिओ या संस्थेने आपल्याकडे ग्राहकांचे आयपी पत्ते येतच नाहीत अशी यंत्रणा बसविली होती. तेथील संघीय संविधान न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये असे ठरविले, की गोपनीयतेसाठी निवडलेली रचना ही कायदेशीर मागणी न पाळण्याची सबब होऊ शकत नाही. यंत्रणा बदलून पत्ते द्यावे लागतील. २०२० मध्ये कोलोनच्या न्यायालयाने ट्युटानोटा या संस्थेला ब्लॅकमेलच्या एका प्रकरणात एका खात्यावर येणारी, कूटबद्ध नसलेली पत्रे टिपण्याची सोय निर्माण करण्यास सांगितले. न्यायालयाचा अधिकार असलेल्या वस्तूवरून नसलेली वस्तू घडविण्यापर्यंत पोहोचला, तो असा.

सीमापार मागण्या : माहिती एका देशात व संस्था दुसऱ्या देशात असेल तर कोणाचा कायदा लागू, हा वाद मायक्रोसॉफ्टने डब्लिन येथे साठविलेल्या पत्रांवरून लढविला. २०१६ मध्ये ती संस्था जिंकली. पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वीच, मार्च २०१८ मध्ये, काँग्रेसने ‘क्लाउड’ अधिनियम संमत करून अमेरिकन संस्थेने माहिती कोठेही ठेवली तरी ती दिलीच पाहिजे असे ठरविले आणि खटला निकालात निघाला.

भारतातील स्थिती : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ६९ व्या कलमाखाली संदेश अडविणे, त्यावर देखरेख ठेवणे व कूटलेखन उकलण्यास फर्माविणे यांचा अधिकार शासनास आहे. सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. यासाठी न्यायाधीशाचे वॉरंट लागत नाही. २००९ च्या नियमांप्रमाणे केंद्रात गृहसचिव व राज्यात गृह विभागाचे सचिव आदेश देतात. आदेश साठ दिवसांचा असून तो एकूण १८० दिवसांपर्यंत वाढविता येतो, आणि त्याचा आढावा घेणारी समितीही सचिवांचीच असते. २०१८ च्या अधिसूचनेने दहा यंत्रणांना हा अधिकार वापरण्याची अनुमती दिली. साठविलेल्या माहितीसाठी याहून सोपा मार्ग आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (२०२३) ९४ व्या कलमान्वये पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारीही लेखी आदेशाने इलेक्ट्रॉनिक संदेश मागवू शकतो. त्याच संहितेत टपाल खात्याच्या ताब्यातील पत्र किंवा पोस्टकार्ड या कलमातून वगळलेले असून ते मिळविण्यास जिल्हा दंडाधिकारी वा न्यायालय यांचा आदेश लागतो. उघडे पोस्टकार्ड असे ई-मेलपेक्षा अधिक सुरक्षित ठरले आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये दिल्यावरही ही विसंगती कायम राहिली.

परदेशी संस्थांशी भारतीय यंत्रणांचा संघर्ष एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे आला. एका खाजगी कंपनीतील स्त्री कर्मचाऱ्यांविषयी अश्लील ई-मेल प्रोटॉन मेलच्या खात्यांवरून पाठविण्यात आले होते. न्यायालयाने ही सेवा भारतात रोखण्यासाठी कार्यवाही करण्याचा आदेश केंद्र शासनास दिला. स्विस दंडविधानाप्रमाणे परदेशी पोलिसांना परस्पर माहिती पुरविणे हा संस्थेच्या दृष्टीने अपराध ठरतो. अशी मागणी स्विस अधिकाऱ्यांमार्फतच यावी लागते.