विद्यापीठीय कागदाचा हिशेब

पंचवटीत रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत पणजोबाच्या हातची नोंद पणतूस वाचावयास मिळते. विद्यापीठांतील बराचसा कागद एकदा वाचला जातो. कित्येकदा तेवढाही नाही.

पंचवटीनजीक म्हसरूळ येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे (स्थापना १९९८) कार्यक्षेत्र संपूर्ण राज्य होय. त्याच्या प्रश्नपत्रिका संगणकाद्वारे परीक्षाकेंद्रांकडे जातात व तेथेच छापल्या जातात. यामुळे गठ्ठ्यांची वाहतूक टळते. परंतु कागद वाचतो तो उपस्थितांपुरत्याच प्रती काढल्या तर. उत्तरपत्रिका पडद्यावर तपासली तरी विद्यार्थ्याने ती कागदावरच लिहिलेली असते. मुद्रणाची जागा बदलली म्हणजे मुद्रण घटले, हा समज भ्रामक होय.

बचत खरोखर होते ती साध्या उपायांनी. दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या कागदाचे ए-४ आकाराचे एक पान सुमारे ५ ग्रॅम भरते. २०० पृष्ठांच्या प्रबंधाच्या ५ प्रती एकपाठी छापल्यास ५ किलो कागद लागतो. पाठपोट छापल्यास अडीच. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्रबंधाची संगणकीय प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे जाते व ‘शोधगंगे’त वाचकांस खुली होते. तेव्हा पाच छापील प्रतींचा आग्रह कशासाठी?

एक प्रत मात्र आम्लविरहित, टिकाऊ कागदावर ग्रंथालयात असावी. संगणकीय प्रत काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवावी लागते. ते काम कोणाकडे राहील, हे छापील प्रती कमी करण्यापूर्वीच विभागाने ठरवावयास हवे.